आमच्या घरातला दुसरा कूलर

"बाबा, कूलर काम नाही करून राहिला," लेकीनं आतून हाक मारली आणि मी सवयीनं खिडकीकडे गेलो. नागपुरात मे महिन्यात कूलर म्हटलं की दुसरं काही डोळ्यांसमोर येतच नाही. टाकीत पाणी होतं, पंप चालू होता, वाळ्याच्या ताट्या चांगल्या भिजलेल्या होत्या. मी तसं सांगितलं. "तो नाही हो, हा!" म्हणत तिनं टेबलाच्या खणातल्या काळ्या पेटीकडे बोट दाखवलं. पेटीतून आवाज असा येत होता, की आत कुणी दळण घातलं आहे.

ही गोष्ट १६ मे २०२४ ची. कॉम्प्युटरच्या पोटात पंखा असतो एवढं मला तोवर ठाऊक होतं, त्याहून जास्त नाही. पण उष्णतेशी माझी ओळख जुनी. आयटीआयमध्ये मी तीस वर्षं फ्रीज आणि एसीची दुरुस्ती शिकवली. नव्वदच्या दशकात आमच्या संस्थेत पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्या खोलीला एसी बसला, आणि त्या खोलीशी माझा संबंध एवढाच, की एसी बंद पडला की मला बोलावणं येई. चपला बाहेर काढून आत जायचं, दुरुस्ती करायची आणि त्या यंत्रांना नमस्कार करून बाहेर यायचं. तीस वर्षांनी त्यांच्यापैकी एकाचं पोट उघडावं लागेल, असं काही वाटलं नव्हतं.

लेक अ‍ॅनिमेशन शिकत होती. शेवटच्या वर्षाला तीन मिनिटांची फिल्म करायची होती आणि तिनं विषय घेतला होता जंगलाचा. झाडं, पानं, गवत, धुकं, पानांतून झिरपणारं ऊन. हे सगळं ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते फुकट मिळतं, ही त्यातली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट! चित्र रचून झालं की प्रत्येक ठिपक्यावर उजेड कुठून येतो, कशावर आपटतो, याचा हिशेब यंत्राला करावा लागतो. त्याला रेंडरिंग म्हणतात. हे काम सहसा ग्राफिक्स कार्ड भरभर करतं, पण तिचं जंगल एवढं दाट, की कार्डाच्या मेमरीत मावेना. म्हणून सगळा भार मुख्य प्रोसेसरवर.

आता हिशेब बघा. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे तीन मिनिटांची ४,३२० चित्रं. फेब्रुवारीत तिनं चाचणी घेतली तेव्हा एका चित्राला सात मिनिटं लागली होती. ४,३२० गुणिले सात म्हणजे ५०४ तास, बरोबर एकवीस दिवस आणि एकवीस रात्री. १२ मेच्या रात्री यंत्र सुरू केलं तर २ जूनला काम संपणार. फिल्म १० जूनला द्यायची, आवाज आणि संगीत जोडायला पाच दिवस हवेत. म्हणजे ५ जूनच्या आत चित्रं हातात पाहिजेत. सगळं बसत होतं. फक्त फेब्रुवारीतलं गणित मे महिन्यात चालेल, हे गृहीत धरलं होतं.

मे महिन्यात दुपारी एका चित्राला दहा मिनिटं लागू लागली. पहाटे गारवा आला की साडेआठ. सरासरी सव्वानऊ धरली तर पावणेअठ्ठावीस दिवस होत होते. चार दिवसांत सव्वासहाशेच्या आसपास चित्रं झाली होती आणि पोरगी रात्रभर पडद्याकडे बघत बसत होती. मला आधी वाटलं, यंत्र बिघडलं. बिघडलं नव्हतं. ते स्वतःला वाचवत होतं.

तिच्या यंत्रात एएमडीचा रायझेन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर आहे. २०२२ साली आलेला, सोळा कोअरचा. कोअरला मराठीत गाभा म्हणायला हरकत नाही. पूर्ण भारात तो २३० वॅटपर्यंत वीज घेतो. ऐकायला आकडा मोठा नाही, आपली इस्त्री हजार वॅटची असते. पण इस्त्रीचा तळ साधारण दोनशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाच वॅट. या प्रोसेसरचे गाभे ज्या दोन सिलिकॉनच्या तुकड्यांवर आहेत ते प्रत्येकी सत्तर चौरस मिलिमीटरच्या आसपास. बोटाच्या नखाएवढे. तिथे चौरस सेंटिमीटरला शंभराहून जास्त वॅट पडतात. ती उष्णता तिथून सतत उचलून न्यावी लागते. उचलली गेली नाही तर तापमान ९५ अंशांवर पोहोचतं, आणि तिथून पुढे जायचं नाही असं प्रोसेसरला शिकवलेलं असतं. मग तो स्वतःचा वेग कमी करतो. उन्हात रिक्षावाला पॅडल हळू मारतो, तसंच.

इथे माझा तीस वर्षांचा धडा कामी आला. वर्गात मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत असे: उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, आणि किती वेगानं जाते ते दोन्हींतल्या अंतरावर ठरतं. पंखा हवा हलवतो, गार करत नाही. प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश. खोली २० अंशांची असेल तर अंतर ७५ अंशांचं. आमची खोली दुपारी ४१ अंशांवर होती, म्हणजे अंतर ५४. तोच कूलर, तोच पंखा, पण ७५ अंशांच्या अंतरावर जो शंभर वॅट वाहून नेतो तो ५४ अंशांवर ७२ वॅटच नेणार. यंत्राची चाचणी घेणारे लोक वीस-बावीस अंशांच्या खोलीत बसलेले असतात. त्यांचे आकडे खोटे नसतात, पण ते नागपूरच्या मे महिन्याचे नसतात.

थर्मामीटर घेऊन मी खाली वाकलो आणि पेटीच्या तोंडाशी धरला. ४९ अंश! खोलीपेक्षा आठ अंश जास्त. कारण समोरच होतं. सुतारानं बनवलेलं आमचं कॉम्प्युटर टेबल जुनं. त्याला पेटी ठेवायला तीन बाजूंनी बंद असा खण आहे. फेब्रुवारीत पेटी टेबलावर होती. मार्चमध्ये पाहुणे येणार म्हणून आम्हीच ती खणात सरकवली, आणि मुलीच्या आईनं धूळ नको म्हणून वरून कापडही टाकलं. पेटी मागून गरम हवा सोडत होती आणि तीच वळून पुढून आत घेत होती. सोडलेला श्वास पुन्हा पुन्हा घ्यावा, तसं. एसीचं बाहेरचं युनिट बंद गॅलरीत बसवणाऱ्यांना मी आयुष्यभर हसलो, आणि घरात तेच करून ठेवलं होतं.

१७ तारखेला सकाळी यंत्र बंद करून पेटी बाहेर काढली. लेकीनं एक गोष्ट शहाणपणाची केली होती: सलग व्हिडिओ न बनवता प्रत्येक चित्र वेगळं साठवत होती. त्यामुळे वीज गेली काय किंवा यंत्र बंद केलं काय, जास्तीत जास्त एक चित्र बुडतं. घरात कुणी असं काम करत असेल तर ही सवय लावून घ्यावी.

समोरच्या जाळीवर धुळीचा नमदा बसला होता. तो निघाला. मग प्रोसेसरवरचा कूलर सोडवला. हा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा गठ्ठा, त्यातून गेलेल्या तांब्याच्या सहा नळ्या आणि दोन पंखे. त्या नळ्या बघून मला खरोखर आनंद झाला. त्यांत हवा काढून टाकून थोडं पाणी ठेवलेलं असतं. दाब कमी असल्यानं ते थोड्या उष्णतेनंच उकळतं, वाफ थंड टोकाकडे जाते, तिथे पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या खरबरीत अस्तरातून परत येतं. फ्रीजमध्ये याच कामाला कॉम्प्रेसर लागतो. इथे काहीच हलत नाही. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशा नळ्या घडवल्या, हे मला माहीत होतं. आपल्या घरात सहा आहेत हे माहीत नव्हतं.

कूलर उलटा केला आणि लेक ओरडली. तळाला एक पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी होती. नवीन वस्तूवर ओरखडे येऊ नयेत म्हणून चिकटवतात ती. मधोमध तपकिरी झालेली, आणि तिच्यावर इंग्रजीत छापलेलं: बसवण्यापूर्वी काढून टाका. ज्या दुकानात यंत्र जोडून घेतलं होतं, तिथल्या कारागिरानं पट्टीवरूनच कूलर आवळला होता. मुलीची आई म्हणाली, दुकानात जाऊन भांडा. मी म्हटलं, आत्ता वेळ नाही.

पट्टी एवढी का बाधावी, असं कुणाला वाटेल. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत, मध्ये हवेचे बारीक खळगे राहतात. आणि उष्णता वाहून नेण्यात हवा तांब्याच्या जवळजवळ पंधरा हजार पट वाईट. ते खळगे भरायला एक राखाडी मलम लावतात. फार नाही, तुरीच्या दाण्याएवढं पुरतं. इथे मलम होतं, पण त्याच्या आणि तांब्याच्या मध्ये प्लॅस्टिक होतं. पातेल्याच्या बुडाला गोधडी बांधून चुलीवर ठेवलं तर भात शिजेल, पण कधी ते सांगता येणार नाही.

पट्टी काढली, जुनं मलम पुसलं, नवं लावलं, पेटी खणाबाहेर स्टुलावर ठेवली. आता राहिली खोली. माझ्या भाच्यानं सल्ला दिला होता, की पाण्याचा कूलर घ्या, नळ्या आणि रेडिएटरवाला. तो वाईट नसतो. पण त्यातलं पाणी उष्णता फक्त इकडून तिकडे नेतं. शेवटी ती खोलीच्याच हवेत सोडायची असते, आणि खोली ४१ अंशांवरच असते. त्याऐवजी मी आमचा जुना, खिडकीतला कूलर कामाला लावला. लेकीला भीती, की ओलसर हवेनं यंत्र बिघडेल. तिला सांगितलं, दंव गार वस्तूवर धरतं, गरम वस्तूवर नाही, आणि ही पेटी खोलीतल्या सगळ्यांत गरम वस्तूंपैकी आहे. मात्र कूलरचं तोंड थेट तिच्यावर नको. आपल्या जड पाण्याचे तुषार उडून आत पांढरे डाग बसतात. कूलर एका खिडकीत, समोरची खिडकी उघडी, पेटी बाजूला. विदर्भातला कोरडा उन्हाळा याला साथ देतो. दुपारी खोली ३२ अंशांवर आली. मुंबईत हा उपाय चालणार नाही. तिथल्या हवेत पाणी आधीच भरपूर.

संध्याकाळी एक चित्र काढून पाहिलं. सहा मिनिटं पंचवीस सेकंद. फेब्रुवारीपेक्षाही कमी. तापमान मात्र ९० अंश, आणि पंखे अजून गिरणीसारखेच.

आता मी तिला विचारलं, हा २३० वॅट घेतो, ते घ्यायलाच हवेत का? एसी शिकवताना मुलं विचारायची, सर, थर्मोस्टॅट सोळावर ठेवला तर लवकर गार होईल ना, तेव्हाचाच हा प्रश्न उलटा. लेकीनं शोधून काढलं, की यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, ज्याला बायॉस म्हणतात, इको मोड नावाची सोय आहे. कंपनीनंच दिलेली. ती लावली की प्रोसेसर १४२ वॅटच्या वर जात नाही. आणखी खालची पायरी ८८ वॅटची.

यामागचं शास्त्र सोपं आहे. प्रोसेसरची वीज त्याच्या वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि शेवटच्या टप्प्यात ते फार वाढवावं लागतं. स्कूटर साठच्या वेगानं चालवली आणि नव्वदनं, तर पेट्रोल दीडपट नाही, त्याहून किती तरी जास्त जातं, हे आपण अनुभवानं जाणतो. २००४ साली इंटेलनं चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत सोडून दिला. उष्णतेची ही भिंत त्यामागे मोठी होती. तेव्हापासून एकाच गाभ्याला पळवत ठेवण्याऐवजी गाभे वाढवण्याकडे सगळा ओघ वळला. तरीही विक्रीसाठी ठेवलेलं यंत्र शर्यतीत पहिलं यावं म्हणून शेवटच्या थेंबापर्यंत पिळूनच पाठवतात.

१४२ वॅटवर तेच चित्र सहा मिनिटं पन्नास सेकंदांत झालं. पंचवीस सेकंद जास्त. तापमान ६८ अंश. आणि पंखे! मुलीची आई स्वयंपाकघरातून विचारायला आली, बंद पडलं का? ८८ वॅटवर वेळ आठ मिनिटांच्या वर गेला, म्हणून ती पायरी सोडली. भिंतीतल्या प्लगला मीटर लावून पाहिलं: पूर्ण यंत्र आधी ३५० वॅट घेत होतं, आता २४०. उरलेल्या अठरा दिवसांचा हिशेब केला तर साधारण ४७ युनिटं वाचत होती. शिवाय तेवढी उष्णता खोलीतही येत नव्हती, ती बाहेर काढायला खिडकीतल्या कूलरला राबावं लागत नव्हतं.

इथे थांबायला हवं होतं. पण माणूस थांबत नाही. लेकीनं वाचलं, की प्रत्येक गाभ्याचं व्होल्टेज आणखी थोडं उतरवता येतं. काम तेच, उष्णता कमी. खरं आहे ते. तिनं बरंच उतरवलं, तासभर पूर्ण भारात चाचणी घेतली, यंत्र खडकासारखं उभं. आम्ही झोपलो. सकाळी उठून पाहतो तर पडद्यावर काही नाही, यंत्र रात्री दीडला बंद पडून पुन्हा सुरू झालेलं आणि रेंडरिंग थांबलेलं. गंमत म्हणजे ते भाराखाली पडलं नव्हतं. चित्र साठवताना, भार उतरल्या क्षणी पडलं. कमी भारात एखादा गाभा एकदम सर्वांत जास्त वेगावर उडी मारतो आणि तिथे उतरवलेलं व्होल्टेज पुरत नाही. चाचणी आम्ही चुकीच्या जागी घेतली होती. एक रात्र गेली, साठेक चित्रं गेली. मी तिला म्हटलं, ते सेटिंग शून्यावर आण. उरलेल्या चार-पाच अंशांसाठी मी रात्री उठणार नाही.

व्होल्टेजशी खेळ दोन्ही बाजूंनी महाग पडतो. त्याच वर्षी इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांबद्दल जगभर तक्रारी आल्या. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन काही प्रोसेसर हळूहळू झिजत होते. कंपनीनं ते मान्य केलं, ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असे प्रोसेसर ज्यांच्या घरी असतील त्यांनी आपलं बायॉस नंतरचं आहे ना, एवढं पाहून घ्यावं.

३० मेला नागपुरात वेगळीच खळबळ उडाली. एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली आणि फोन वाजू लागले. पुढे हवामान खात्यानं सांगितलं, की संवेदकातच दोष होता. त्या दुपारी मी पेटीशेजारच्या थर्मामीटरकडे तीनदा जाऊन आलो. ३३ होते. प्रोसेसर ६९. मापाचं यंत्र कुठे ठेवलंय आणि ते नीट आहे का, हे आधी बघावं, असं मुलांना सांगत आलो होतो. त्या दिवशी घरातल्यांना सांगितलं.

मधल्या काळात आमच्या घराची कीर्ती पसरली. लग्नाचे अल्बम करणारे एक शेजारी आले. त्यांनीही सोळा गाभ्यांचं यंत्र घेतलं होतं आणि फोटोशॉप तरी हळू का, हा त्यांचा प्रश्न. लेकीनं दाखवलं, की फोटोशॉपचं बरंचसं काम एक-दोन गाभ्यांवरच चालतं, बाकीचे नुसते बसून असतात. अशा कामाला कमी पण चपळ गाभे आणि भरपूर मेमरी हवी. त्यांच्या यंत्रालाही तीच मर्यादा लावून दिली. फोटोशॉपच्या वेगात काही फरक पडला नाही, कारण एकच गाभा पळत असेल तर तो १४२ वॅटच्या जवळपासही जात नाही. आवाज मात्र गेला. पैसे गेले ते गेले.

एक गोष्ट लेकीनं मला नंतर सांगितली, आणि ती माझ्या सगळ्या खटाटोपावर पाणी ओतणारी आहे. प्रत्येक चित्रात उजेडाचे किती नमुने घ्यायचे हे तीच ठरवते. नमुने चौथाई केले आणि उरलेला खरखरीतपणा नंतर सॉफ्टवेअरनं पुसला, तर वेळ कितीतरी कमी होतो. तिनं ते आधीच केलं होतं, म्हणून सात मिनिटं. नाही तर फिल्म दिवाळीपर्यंत चालली असती. मार्च २०२५ मध्ये 'फ्लो' या लाटव्हियाच्या अ‍ॅनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं. तोही ब्लेंडरमध्येच केलेला, आणि उजेडाचा एवढा काटेकोर हिशेब न करता झटपट चित्र काढणाऱ्या पद्धतीनं. दिग्दर्शकानं शेवटचं रेंडरिंग स्वतःच्या कॉम्प्युटरवर केलं. "बाबा, पुढच्या वेळी मी पण तसंच करते," ती म्हणाली. म्हणजे पुढच्या वेळी माझं काही काम नाही.

५ जूनच्या रात्री अकराला शेवटचं चित्र झालं. सगळी चित्रं ओळीनं लावून आम्ही तिघांनी तीन मिनिटं ते जंगल पाहिलं. आवाज नव्हता, त्यामुळे खिडकीतल्या कूलरचं पाणी टपकत होतं तेच पावसासारखं ऐकू येत होतं. मुलीच्या आईनं विचारलं, मधे एक हरीण पुढे जाता जाता मागे का सरकलं? लेकीनं कपाळावर हात मारला. एकशे दहा चित्रं पुन्हा काढावी लागली. साडेबारा तास. यंत्र तसंच चालू ठेवून आम्ही झोपायला गेलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती चित्रं तयार होती. फिल्म १० तारखेला गेली.

ती तपकिरी पट्टी मी टाकली नाही, टेबलाच्या खणात ठेवली आहे. त्या रिकाम्या खणात आता वर्तमानपत्रांची रद्दीही असते. पाऊस लागल्यावर खिडकीतला कूलर उतरवून धुऊन ठेवला, तेव्हा लेकीनं विचारलं, "बाबा, आता खोली गार झाली. मर्यादा काढून टाकू का?"

मी म्हटलं, "आधी एक चित्र काढून बघ, आणि पेटीच्या तोंडाशी थर्मामीटर धर."